बॉल्टिमोर क्लब आणि जर्सी क्लब: फरक कानाने कसा ओळखायचा?

रॅपखाली वेगवान, तुटक ठेका वाजला की हल्ली सरसकट 'जर्सी', म्हणजे अमेरिकेतल्या न्यू जर्सीचं 'जर्सी क्लब' हे नाचाचं संगीत, असा शिक्का बसतो. 2022 मध्ये लिल उझी व्हर्टचं 'जस्ट वॉना रॉक' रील्समधून घरोघरी पोचलं, तेव्हापासून तर जास्तच. त्या गाण्याला तो शिक्का शोभतो. न्यू जर्सीतल्या नेवार्कचा एमसीव्हर्ट त्याच्या निर्मात्यांपैकी एक आहे. पण स्पँक रॉक या गटाचा 2006 चा पहिला अल्बम ऐकूनही कोणी 'जर्सी' म्हणालं की मला राहवत नाही. त्यांचा रॅपर नईम जुवान बॉल्टिमोरचा, आणि ठेक्याचं मूळही तिथलंच.

गोंधळ होतो, कारण बॉल्टिमोर क्लब आणि जर्सी क्लब यांचं नातं मायलेकीचं आहे. 1990 च्या आसपास बॉल्टिमोरमध्ये फ्रँक स्की, स्कॉटी बी अशा डीजेंनी हाऊस या इलेक्ट्रॉनिक नाच-संगीताचा वेग आणि हिप हॉपचे ब्रेक, म्हणजे गाण्यांतले नुसत्या ड्रमचे तुकडे, एकत्र आणले. पुढे डीजे तमीलने हे संगीत न्यू जर्सीतल्या नेवार्कमध्ये रुजवलं. नेवार्कला 'ब्रिक सिटी' म्हणतात, म्हणून तिथे त्याला आधी 'ब्रिक सिटी क्लब' म्हणत. 'जर्सी क्लब' हे नाव मागाहून आलं.

बॉल्टिमोरच्या ट्रॅकमध्ये ड्रम जागा सोडत नाही. लिन कॉलिन्सच्या 1972 च्या 'थिंक' गाण्यातला ड्रमचा तुकडा, त्यातल्या आरोळ्यांसकट, साधारण 130 बीपीएमला (मिनिटाला 130 ठोके) अखंड फिरत राहतो. 'सिंग सिंग' नावाच्या डिस्को रेकॉर्डमधला ब्रेकही असाच पुन्हा पुन्हा भेटतो. वर एखादी ओळ, बहुतेकदा दरडावून म्हटलेली, पन्नासदा येते. खरखरीत, घामट संगीत आहे हे, आणि मला ते तसंच आवडतं.

जर्सीने हा पसारा आवरला. वेग 130 ते 140, पण ब्रेक मागे सरला आणि किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा जड ठोका, एकटी पुढे आली. एका बारचे, म्हणजे ठेक्याच्या एका आवर्तनाचे, सोळा भाग धरा. किक पडते पहिल्या, पाचव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या भागावर. म्हणजे अंतरं 4, 4, 3, 3, 2. टाळी देऊन बघा: दोन ठोके सावकाश, मग तीन घाईने. ही चाल बॉल्टिमोरमध्येही सापडते, पण तिथे ती ब्रेकच्या गर्दीत दडलेली असते. जर्सीत ती उघडी पडते आणि मधल्या मोकळ्या जागेत आर अँड बी गाण्यांचे कापलेले, उंच पट्टीतले सूर बसतात. खाट करकरल्यासारखा आवाज ही जर्सीची लाडकी खूण, पण तो आता कुठल्याही पॉप गाण्यात घुसतो. त्याच्यावर विसंबू नका.

रॅपही त्यामुळे वेगळा बसतो. स्पँक रॉकमध्ये शब्द ड्रमशी खेटून, दाटीवाटीने धावतात. नेवार्कचा बँडमनरिल किकच्या फटींत छोटी वाक्यं टाकतो. त्याच्या रॅपला ड्रिल या आक्रमक रॅपप्रकाराचा बाज आहे.

बॉल्टिमोरची आठवण काढताना डीजे के-स्विफ्टला वगळता येत नाही. 92 क्यू रेडिओवरून तिने हे संगीत शहरभर पोचवलं. 2008 मध्ये, अवघ्या 29 व्या वर्षी ती गेली. तिचे मिक्स अजून ऐकायला मिळतात. आधी तिचा एखादा मिक्स पुरता ऐका, लगेच डीजे स्लिंक किंवा युनिकचा जर्सी सेट लावा, आणि लक्ष दोन किकच्या मध्ये काय वाजतंय तिथे ठेवा.