दान की देणे? कान्ट आणि अतिश्रीमंतीची जुनी चर्चा

अब्जाधीशांविषयी अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ कान्ट काय म्हणाला असता, हा विषय निघाला की बहुतेक जण त्याच्या १७८५ च्या ग्रंथातले एकच उदाहरण काढतात. स्वतःचे उत्तम चाललेला एक माणूस म्हणतो, मी कुणाचे हिसकावणार नाही, पण कुणाला मदतही करणार नाही. कान्टच्या मते सगळेच असे वागतात असे जग कल्पनेत टिकते, पण ते असावे अशी इच्छा कुणालाच धरता येत नाही, कारण गरज त्यालाही पडू शकते. म्हणून मदत हे ‘अपूर्ण कर्तव्य’. ते टाळता येत नाही, पण किती आणि कुणाला द्यायचे याची मोकळीक राहते. श्रीमंताच्या पथ्यावर पडते ती हीच मोकळीक.

‘सगळेच अब्जाधीश झाले तर?’ असेही विचारले जाते, पण ही कसोटी कान्टची नव्हे. सगळेच डॉक्टर झाले तर शेती कोण करील, म्हणून डॉक्टर होणे अनैतिक ठरत नाही. तपासायचे असते ते आचरणसूत्र, म्हणजे माणूस ज्या नियमाने वागतो तो नियम, आणि त्यात कृती व हेतू दोन्ही यावे लागतात. ‘नफा वाढावा म्हणून कबूल केलेली मजुरी बुडवीन’ हे सूत्र सर्वांनी पाळले तर कबुलीवर कुणी विसंबणारच नाही, आणि सूत्र स्वतःच कोसळते. इथे रक्कम लहान की मोठी, याने फरक पडत नाही.

१७९३ च्या निबंधात तर कायद्यापुढची समानता आणि मालमत्तेतली प्रचंड विषमता एकत्र नांदू शकतात, असे कान्टने मान्य केले. वंशपरंपरागत विशेषाधिकार तेवढे नाकारले. खरे वळण १७९७ चे. त्या ग्रंथात ज्यांना स्वतःचा निर्वाह करता येत नाही त्यांच्यासाठी राज्य श्रीमंतांकडून सक्तीने कर घेऊ शकते, असे तो म्हणतो. (त्याच ग्रंथात घरगडी आणि सर्व स्त्रियांना मताधिकार नाकारला आहे, हेही विसरू नये.) आणि सद्गुणांच्या भागात, ३१ व्या परिच्छेदात, तो विचारतो: दान करण्याची ऐपतच बहुतांशी सरकारी अन्यायातून आलेली असेल, तर श्रीमंताच्या मदतीला उपकार म्हणावे का? विद्यार्थ्यांनी उतरवलेल्या त्याच्या व्याख्यानांतही हाच सूर आहे: जे हिरावण्यात आपला वाटा होता, तेच आपण परत करतो.

पुढच्या कान्टवाद्यांनी हा धागा उचलला. ब्रिटिश तत्त्वज्ञ ओनोरा ओनील यांनी १९८६ मध्ये भुकेचा प्रश्न सक्ती आणि फसवणुकीच्या अंगाने मांडला. अडचण एवढीच, की मदतीला दान न म्हणता देणे (फेडायचे ऋण) म्हटले की धनको, म्हणजे ते कुणाला द्यायचे, आणि रक्कम ठरवावी लागते, आणि ३१ वा परिच्छेद प्रश्नचिन्हावर थांबतो.