पेटंट संपलं की लगेच स्वस्त गोळी?

‘औषधाचं पेटंट 20 वर्षांचं, ते संपलं की दुसऱ्याच दिवशी स्वस्त जेनेरिक दुकानात’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. 20 वर्षं खरी, पण ती अर्जाच्या तारखेपासून मोजतात. शिवाय एका गोळीवर अनेक पेटंटं असू शकतात: मूळ रेणूचं, त्याच्या क्षाररूपाचं, गोळीवरच्या लेपाचं, वापराच्या पद्धतीचं. अमेरिकेत खरी गोम पुढेच आहे. जेनेरिक कंपनीने एखाद्या पेटंटला आव्हान दिलं आणि मूळ कंपनीने 45 दिवसांत दावा ठोकला, तर 1984च्या कायद्याने जेनेरिकची अंतिम मंजुरी साधारण 30 महिने अडकते (निकाल आधीच जेनेरिकच्या बाजूने लागला तर सुटका). पडताळायचं असेल तर तिथल्या औषध नियामकाच्या ‘ऑरेंज बुक’ यादीत औषधातल्या मुख्य घटकाचं नाव शोधा. नोंदलेल्या पेटंटांच्या वेगवेगळ्या मुदती समोर दिसतात.