कॅटल स्टेशनवरचा मुक्काम : पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियाच्या मध्य आणि उत्तर भागातल्या कॅटल स्टेशनांवर (म्हणजे गुरं पाळण्याच्या अवाढव्य वाड्यांवर) एकेकाळी माणसांचा मोठा राबता असे. गुरं घोड्यांवरून हाकत आठवडेच्या आठवडे चालवत न्यावी लागत. १९६० च्या दशकात सरकारी पैशानं गुरांच्या वाहतुकीसाठी रस्ते झाले (वायव्येकडच्या किम्बर्ली प्रदेशातला गिब रिव्हर रोड त्यातलाच), रोड ट्रेन म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेले लांबलचक ट्रक धावू लागले, सत्तरच्या दशकात गुरं हाकायला हेलिकॉप्टरही आलं. दरम्यान कामगार लवादाच्या १९६६ च्या निवाड्यानं आदिवासी गुराख्यांना डिसेंबर १९६८ पासून समान वेतन लागू झालं, आणि अनेक स्टेशनांनी पगार देण्यापेक्षा त्यांना कुटुंबासकट हुसकावलं. यंत्रांनी माणसं कमी केली असं नेहमी म्हटलं जातं, ते म्हणून अर्धंच खरं. जुन्या कामगारांच्या खोल्यांत आज बऱ्याच ठिकाणी पाहुणे उतरतात.

खरा गुंता जमिनीचा. ती बहुतांशी सरकारची. स्टेशनकडे फक्त चराईचा भाडेपट्टा. असा पट्टा दिल्यानं मूळ रहिवाशांचा, म्हणजे आदिवासींचा, जमिनीवरचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी ठरवलं. दोन्ही हक्क एकत्र नांदू शकतात, आणि टक्कर झालीच तर पट्टेदाराचं चालतं. हा उत्तरार्ध गदारोळात कुणी वाचलाच नाही. तत्कालीन पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी तर टीव्हीवर नकाशा धरून देशाच्या ७८ टक्के भूभागावर आदिवासींना नकाराधिकार मिळेल अशी भीती घातली. मूळ रहिवाशांच्या जमीनहक्काच्या कायद्यातल्या १९९८ च्या दुरुस्तीनं पट्टेदाराला गुरांच्या जोडीला फार्म टुरिझमची वाट मोकळी करून दिली. त्यातून वगळलं काय, तर आदिवासींचे उपक्रम किंवा कलाकृती दाखवणारं पर्यटन! शिवाय पट्टा ५,००० हेक्टरांहून मोठा असेल तर बहुतांश जमीन चराईखालीच ठेवावी लागते. राज्याची परवानगी निराळी. पश्चिम ऑस्ट्रेलियात चराईबाहेरच्या धंद्याला स्वतंत्र परवाना काढावा लागतो.

प्रवाशाला यातलं थेट भिडतं ते तंबूचं अंतर. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या १९८९ च्या कायद्यानुसार घर किंवा शेडपासून १ किलोमीटर आणि गुरांच्या बांधीव पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत तंबू ठोकता येत नाही. पाण्याशी माणूस दिसला की गुरं बिचकून मागं फिरतात, आणि पुढचा पाणवठा कित्येक किलोमीटरांवर असू शकतो. म्हणून स्टेशनच्या ठरावीक कॅम्पग्राउंडवर पैसे भरून राहावं. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद ठेवावं. बोअरचं पाणी अनेकदा खारट किंवा गंधकाच्या वासाचं असतं, तेव्हा पिण्याचं पाणी आपलं न्यावं. डिझेल आणि खोली मिळेल का, हे निघण्याआधी फोनवर विचारावं. उत्तरेत पावसाळ्यात रस्ते बंद होतात आणि बरीच स्टेशनं पाहुणे घेत नाहीत.