हार्ड ॲनोडायझिंगनंतर जॉब गुळगुळीत हवा असेल तर

"पाठवताना जॉब आरशासारखा होता, आता हाताला खरखरीत का लागतो?" भोसरीच्या आमच्या शॉपवर डिलिव्हरी घ्यायला आलेले ग्राहक हे वारंवार विचारतात. याचं उत्तर जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला ॲल्युमिनियमचा भाग, ॲसिडच्या टाकीत सोडण्याआधीच समजलेलं बरं.

हार्ड ॲनोडायझिंग हा रंगासारखा वरून चढवलेला थर नाही. ० ते ५ अंशांच्या थंडगार सल्फ्युरिक ॲसिडमध्ये करंट दिला की खुद्द ॲल्युमिनियमचंच ऑक्साइड होतं. ५० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर असेल तर साधारण २५ आत उतरतो, २५ बाहेर वाढतो. म्हणजे शाफ्टचा व्यास ५० मायक्रॉनने वाढतो, बोअरचा, म्हणजे आतल्या गोल भोकाचा, तेवढाच घटतो. थर जसा जाड होतो, तसा पृष्ठभाग खरबरीत होत जातो. मशीनच्या टूलने कापताना उमटलेल्या रेघा त्यात बुजत नाहीत, उलट राखाडी रंगावर जास्तच उठून दिसतात.

म्हणून खरं काम मशीनवरच होतं. धारदार इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक), हलका शेवटचा कट, मग पॉलिश. टर्निंगच्या रेघांना आडवं नख फिरवून पाहा. नख अडत असेल, तर आमच्याकडे आणण्याआधी जॉब पुन्हा पॉलिशला घ्या. बफिंगचं (पॉलिशचं) मेण आट्यांत किंवा भोकांत राहिलं तर तिथे डाग पडतात, तेही साफ करून आणा.

मटेरियल कोणतं आहे हे नक्की कळवा. ६०६१ आणि ६०८२ या ॲल्युमिनियमच्या ग्रेडवर थर एकसारखा बसतो. २०२४ मध्ये तांबं जास्त, तिथे तेवढी अपेक्षा ठेवू नका. जास्त सिलिकॉनच्या कास्टिंगवर तर आम्ही गुळगुळीतपणाचा शब्दच देत नाही, कारण सिलिकॉनचे कण ॲनोडाइझ होत नाहीत.

सील किंवा पिस्टन सरकणार असेल, तर कोटिंगनंतर होनिंग किंवा लॅपिंग, म्हणजे बारीक घासून गुळगुळीत करणं, करावं. त्यासाठी डायमंड पेस्ट किंवा सिलिकॉन कार्बाइड वापरा. साध्या एमरीतला (घासायच्या पावडरीतला) मुख्य घटक ॲल्युमिनियम ऑक्साइडच, म्हणजे थराच्याच जातीचा, त्यामुळे काम रेंगाळतं. लॅपिंगमध्ये काही मायक्रॉन जाणारच, तेव्हा थर तेवढा जास्त मागून घ्या.

धारदार कडांवर थर तडकतो. ५० मायक्रॉनसाठी कडेला साधारण दीड मिलिमीटर रेडियस (गोलाई) द्या.

आणि ड्रॉइंगवर प्रत्येक मापापुढे एवढं जरूर लिहा: कोटिंगआधीचं की नंतरचं.