तारापूर अणुवीज केंद्र

तारापूर अणुवीज केंद्र हे भारतातलं पहिलं व्यापारी अणुवीज केंद्र, पालघर जिल्ह्यात (२०१४ पर्यंत ठाणे जिल्हा) अरबी समुद्राच्या काठावर, मुंबईच्या उत्तरेला साधारण १०० किमीवर. चार युनिट्स आहेत, पण पहिली दोन आणि नंतरची दोन यांच्यात जवळजवळ काहीच सारखं नाही, त्यामुळे कोणी नुसतं 'तारापूरची अणुभट्टी' म्हटलं की नक्की कुठली ते आधी विचारून घ्यावं. जवळचं रेल्वे स्टेशन बोईसर. 'तारापूरमध्ये स्फोट' अशी पट्टी टीव्हीवर आली की इकडे पुण्यातसुद्धा लोक दचकतात, ती बातमी बहुतेक वेळा शेजारच्या तारापूर एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यांची असते, केंद्राची नव्हे.

पहिलेपणाचा घोळ जुना आहे. पुण्यात नवी पेठ, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये जी स्पर्धापरीक्षांची गाईडं फिरतात त्यात तारापूर हे 'आशियातलं पहिलं अणुवीज केंद्र' असं सर्रास सापडतं आणि पोरं तेच पाठ करून जातात. हे टिकत नाही. जपानमध्ये तोकाई इथल्या छोट्या प्रायोगिक अणुभट्टीतून ऑक्टोबर १९६३ मध्येच वीज निघाली होती, आणि तिथलंच व्यापारी केंद्र १९६६ मध्ये सुरू झालं, म्हणजे तारापूरच्या तीन वर्षं आधी. सोव्हिएत संघ धरला तर आणखी मागे जावं लागतं, सैबेरियात तोम्स्कजवळ १९५८ पासून अणुभट्टीतून वीज घेतली जात होती (तिचं मुख्य काम प्लुटोनियम बनवणं, वीज हा जोडधंदा), आणि उरलच्या पूर्वेला बेलोयार्स्कचं केंद्र १९६४ चं. आता उरलपलीकडचा रशिया आशियात धरायचा का, यावर वाद घालता येईल, पण जपानचं काय करणार? हा दावा बहुधा ट्रॉम्बेच्या 'अप्सरा'वरून घसरत इकडे आला असावा. ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झालेली अप्सरा आशियातली पहिली अणुभट्टी म्हणून सांगितली जाते (सोव्हिएत संघ वगळून, हे कंसातलं कोणी छापत नाही), पण ती संशोधनासाठी होती, वीज बनवणारी नव्हती. तेव्हा तारापूरला 'भारतातलं पहिलं' एवढंच म्हणणं बरं.

सुरुवात कधी झाली यावरही एकमत नाही कारण प्रत्येकजण वेगळी घटना मोजतो. युनिट १ मध्ये शृंखला अभिक्रिया (अणू फुटण्याची आपोआप चालू राहणारी साखळी) फेब्रुवारी १९६९ मध्ये स्थिरावली, ग्रिडला वीज एप्रिल १९६९ मध्ये गेली, दोन्ही युनिट्स व्यापारी तत्त्वावर २८ ऑक्टोबर १९६९ ला चालू झाली आणि इंदिरा गांधींच्या हस्ते राष्ट्रार्पण १९ जानेवारी १९७० ला. जुन्या संदर्भांत १९६९ आणि १९७० दोन्ही दिसतात ते यामुळे. या नोंदीत ऑक्टोबर १९६९ धरलंय.

मुळात ही युनिट्स घेतली कशी हा जास्त इंटरेस्टिंग भाग. होमी भाभांची त्रिस्तरीय योजना म्हणजे आधी नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी (हायड्रोजनच्या जड रूपाचं, ड्युटेरियमचं पाणी), मग त्यातून मिळणारं प्लुटोनियम, आणि शेवटी आपल्याकडे भरपूर असलेलं थोरियम. तारापूर १-२ या योजनेत कुठेच बसत नाहीत, कारण त्यांना समृद्ध युरेनियम (सहज फुटणाऱ्या युरेनियम-२३५ चा वाटा वाढवलेलं) लागतं आणि ते तेव्हा बाहेरूनच आणावं लागणार होतं. तरी १९६० मध्ये जागतिक निविदा काढल्या, ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेशी ३० वर्षांचा करार झाला आणि १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकला काम मिळालं, तेही तयार केंद्र बांधून हातात देण्याच्या बोलीवर. का? एक मत असं की भारतात अणुवीज परवडते आणि आपले इंजिनियर ती चालवू शकतात हे भाभांना लवकर दाखवायचं होतं, आणि कोळशाच्या खाणी पश्चिम किनाऱ्यापासून फार लांब असल्यामुळे मुंबई-गुजरातच्या पट्ट्यात ते दाखवणं सोपं होतं. दुसरं मत, की अमेरिकेचं कमी व्याजाचं कर्ज मिळालं म्हणून सौदा जमला. पहिलं जास्त पटतं, पण कर्ज नसतं तर हीच निवड झाली असती असंही छातीठोक सांगता येत नाही. भाभा स्वतः जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात गेले, केंद्र चालू झालेलं त्यांनी पाहिलं नाही.

युनिट १-२ उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या आहेत, म्हणजे गाभ्यातच पाण्याची वाफ होते आणि तीच थेट टर्बाइनला जाते. पण या जुन्या डिझाइनमध्ये एक जादा फाटा होता. गाभ्यातून फिरणाऱ्या गरम पाण्याचा काही भाग दुय्यम वाफयंत्रांतून नेऊन तिथे कमी दाबाची वेगळी वाफ करायची आणि ती टर्बाइनच्या मधल्या टप्प्यात सोडायची. या वाफयंत्रांच्या नळ्या गळायला लागल्या, शेवटी ती बाजूला काढली आणि मूळ २१० मेगावॅटचं प्रत्येक युनिट १६० वर आलं. म्हणून काही पुस्तकांत एकूण ४२० आणि काहींत ३२० मेगावॅट दिसतं, दोन्ही आपापल्या काळापुरते बरोबर.

इंधनाची कथा राजकारणाची आहे. मे १९७४ ची पोखरण चाचणी झाली, १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा केला आणि इंधन देणं अडलं, करार ३० वर्षांचा असूनही. मग १९८० च्या दशकात फ्रान्सने दिलं, करार संपल्यावर चीनने, नंतर रशियाने. मधल्या काळात युरेनियम-प्लुटोनियम मिश्र इंधनाचे काही संचही वापरून बघितले. ही दोन युनिट्स आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली आहेत, युनिट ३-४ मात्र नाहीत. एकाच आवारात दोन वेगळे नियम.

युनिट ३-४ प्रत्येकी ५४० मेगावॅटची, देशी बनावटीची, नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालणारी, म्हणजे भाभांच्या पहिल्या टप्प्यातली. युनिट ४ आधी चालू झालं (सप्टेंबर २००५), युनिट ३ ऑगस्ट २००६ मध्ये, क्रमांक उलटे वाटतात पण चूक नाही. यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली, पुनर्वसनाचा वाद हायकोर्टापर्यंत गेला.

युनिट १-२ २०२० मध्ये बंद करून मोठ्या दुरुस्तीला घेतली.

पुणे जिल्ह्याचा संबंध कारखानदारीतून येतो, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला देशी अणुभट्ट्यांसाठी जड यंत्रसामग्री बनत आलीय. बाकी युनिट १-२ ची वीज महाराष्ट्र आणि गुजरातला निम्मी-निम्मी ठरलेली, आणि राज्याच्या वाट्याची महावितरणमार्फत सगळीकडे जाते, पुण्याला किती असं वेगळं काढता येत नाही.