मुलाने स्वतः भरायचा रकाना

2023 च्या जूनमध्ये दुसरी ते आठवीच्या मुलांच्या हातात बालभारतीची जी पुस्तकं पडली, त्यांत एक नवलाई होती. धडा संपला की पुढे वहीसारखी कोरी पानं, आणि त्यांना दिलेलं नाव 'माझी नोंद'. मूळ हेतू दप्तराचं ओझं कमी करण्याचा होता. पुस्तकाचे भाग पाडायचे आणि वहीही त्यातच घालायची, म्हणजे वेगळी वही आणायला नको. पण ज्यांनी त्या पानांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं, त्यांना तिथे आणखी एक शक्यता दिसली. फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी 'या धड्यात मला काय कळलं, कुठे अडलं' हे मूल तिथे लिहू शकलं असतं. तसं क्वचितच झालं. मुलं वह्या आणतच राहिली, पानं बहुतेक कोरी राहिली किंवा प्रश्नोत्तरांनी भरली, आणि 2025 च्या जानेवारीत सरकारने ही योजना गुंडाळली.

ती पानं गेली, पण त्यांच्यामागची कल्पना गेलेली नाही. नव्या शैक्षणिक धोरणातल्या समग्र प्रगती पत्रकात मुलाने स्वतःबद्दल स्वतःच भरायची पानं आहेतच. शिक्षकांच्या गटांवर त्यावरून कुरकुर सुरू झाली आहे: 'आणखी एक कागद.' कुरकुर समजण्यासारखी आहे. तरी हा रकाना काल-परवा कुणाच्या तरी डोक्यातून निघालेला नाही, त्याला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. आणि आपल्याकडे तो याआधीही एकदा येऊन गेला आहे.

आधी शब्दाचा घोळ. मराठीत यासाठी हाताशी असलेला शब्द म्हणजे 'आत्मपरीक्षण', आणि तो आपण वापरतो कधी? निवडणूक हरल्यावर पक्ष आत्मपरीक्षण करतो. बापाने रागावल्यावर मुलाने आत्मपरीक्षण करायचं असतं. जिंकलेला पक्ष आत्मपरीक्षणाला बसला असं कधी वाचलंय? म्हणजे या शब्दातच गुन्हा गृहीत धरलेला आहे. 'स्वयंमूल्यमापन' म्हटलं की मूल्य आलं, म्हणजे गुण आले. श्रवण, मनन, निदिध्यासन या जुन्या तिकडीतलं 'मनन' त्यातल्या त्यात जवळचं आहे, पण तेही शिकलेल्या विषयाचं मनन. 'हे मी कसं शिकलो' याचं मनन त्यात येतंच असं नाही. माझ्या ओळखीच्या एक बाई वर्गात सरळ 'मागे वळून बघूया' म्हणतात. मला तेच बरं वाटतं.

आधुनिक शिक्षणशास्त्रात या विचाराची सुरुवात बहुतेक जण अमेरिकन विचारवंत जॉन ड्युईपासून धरतात. 1910 मध्ये त्यांनी विचार करण्याच्या प्रक्रियेवर शिक्षकांसाठी एक पुस्तक लिहिलं आणि 1933 मध्ये ते पुन्हा नव्याने मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस अडतो, गोंधळतो, तिथेच खरा विचार सुरू होतो. समजुतीला आधार काय आणि ती धरली तर पुढे काय होईल, हे थांबून, चिकाटीने तपासणं म्हणजे चिंतन. अनुभव घेतला म्हणजे शिकणं झालं असं नाही, असा त्याचा अर्थ. ('आपण अनुभवातून शिकत नाही, अनुभवावर चिंतन करून शिकतो' असं एक सुटसुटीत वाक्य ड्युईंच्या नावाने प्रशिक्षणाच्या स्लाइडांवर हमखास असतं. त्या शब्दांत ते त्यांच्या लिखाणात सापडत नाही, पण आशय त्यांचाच आहे.) महाराष्ट्राशी या माणसाचा धागा सरळ आहे. 1913 ते 1916 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि ड्युई तिथे त्यांचे प्राध्यापक होते. बाबासाहेबांच्या लोकशाहीविषयीच्या मांडणीत ड्युईंचा ठसा अभ्यासकांनी पुष्कळ दाखवला आहे. आपल्या डी.एड., बी.एड.च्या वर्गांत मात्र ड्युई 'कृतीतून शिक्षण' एवढ्याच ओळीत उरकले जातात. कृतीनंतर थांबण्याबद्दल ते जे म्हणाले, ते त्या ओळीत येत नाही.

ड्युई तत्त्वज्ञ होते. लहान मुलाला स्वतःच्या समजेचा अंदाज खरोखर असतो का, हे तपासायचं काम पुढे मानसशास्त्रज्ञांनी केलं. जॉन फ्लॅवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. मुलांसमोर काही वस्तूंची चित्रं ठेवली आणि सांगितलं: सगळी नक्की आठवतील असं वाटेपर्यंत पाठ करा, मग सांगा. थोडी मोठी मुलं 'झालं' म्हणाली आणि त्यांचं बहुधा खरंच झालेलं होतं. बालवाडीच्या वयाची मुलंही तितक्याच खात्रीने 'झालं' म्हणाली. त्यांचं बहुधा झालेलं नव्हतं. एलन मार्कमन यांनी मुलांना एका खेळाच्या सूचना मुद्दाम अर्धवट सांगितल्या, तर लहानांना त्यात काही राहिलंय हे कळलंच नाही. प्रत्यक्ष खेळायला बसल्यावर घोटाळा लक्षात आला. 'कळलं का?' या प्रश्नाला वर्गातून येणाऱ्या एकसुरी 'हो बाई'चं याहून चांगलं स्पष्टीकरण मला माहीत नाही. मुलं खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच वाटत असतं की कळलंय.

1979 मध्ये फ्लॅवेलनी हे सगळं एका लेखात मांडलं. आपल्या समजेवर लक्ष ठेवणारी ही जी दुसरी समज, तिचं इंग्रजी नाव 'मेटाकॉग्निशन' त्यानंतर सर्वत्र रूढ झालं. मराठीत त्याला कुणी 'बोधावबोध' म्हणतं, कुणी 'अधिबोध'. दोन्ही शब्द शिक्षकखोलीत टिकणारे नाहीत.

ही दुसरी समज शिकवता येते का? इथे मला ॲन-मरी पॅलिंक्सार आणि ॲन ब्राउन यांचं 1984 मधलं काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांनी निवडलेली सातवीतली मुलं अक्षरं नीट वाचायची, पण वाचलेल्याचा अर्थ लागत नव्हता. आपल्या कुठल्याही शाळेत अशी पाच-सात मुलं असतात. त्यांना 'लक्ष देऊन वाच' असं सांगितलं नाही. शिक्षिकेने परिच्छेद वाचून आपल्या मनात काय चाललंय ते मोठ्याने बोलून दाखवलं: यात मुख्य काय होतं, मी कोणता प्रश्न विचारीन, हा शब्द मला अडला, पुढे काय येईल असं वाटतं. मग हीच चार कामं एकेका मुलाने शिक्षक होऊन गटासमोर करायची. सुरुवातीला मुलांचे प्रश्न कसेबसे यायचे, शिक्षिका धागा पुरवायची. हळूहळू तिने हात काढून घेतला. काही आठवड्यांत मुलांचं आकलन ठळकपणे सुधारलं.

मेख इथेच आहे. मागे वळून पाहणं म्हणजे काय, हे आधी कुणीतरी समोर करून दाखवलं. गणित सोडवायला शिकवतात तसंच. नुसता रकाना देऊन 'आता विचार कर' म्हटलं नाही.

दुसरी अडचण गुणांची. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना कामावर फक्त गुण मिळाले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्या मुलांत. गंमत तिसऱ्या गटाची आहे: गुणांच्या शेजारी इतका नीट लिहिलेला शेरा वाया गेला. घटक चाचणीचा पेपर हातात आल्यावर आपण काय करायचो ते आठवा. आधी बेरीज तपासायची, मग शेजारच्याचे किती ते बघायचं, मग घरी सही कुणाची घ्यायची हा विचार. शेऱ्यापर्यंत पोचायचोच कुठे?

बटलर यांच्यासारखे शेकडो अभ्यास गोळा करून पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी 1998 मध्ये लंडनहून मांडणी केली की मुलाने स्वतःचं काम तपासायला शिकणं ही हौसेची जोड नाही, शिकण्यासाठी होणाऱ्या मूल्यमापनाचा तो गाभाच आहे. मग सहा शाळांमधल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना घेऊन त्यांनी ते वर्गात करून पाहिलं. सिग्नलचे तीन रंग तिथलेच. मुलाने आपल्या कामापुढे ठिपका द्यायचा: हिरवा म्हणजे कळलं, पिवळा म्हणजे अर्धवट, लाल म्हणजे अडलंय. हे रंग आता आपल्याकडच्या प्रशिक्षणांतही येतात, पण बहुधा त्यांचा दुसरा भाग गाळून. त्या शिक्षकांना लाल ठिपके दिसले की पुढचा तास बदलायचा होता. तास बदलणार नसेल, तर लाल ठिपका देऊन मुलाच्या पदरात काय पडणार?

आता आपल्याकडे वळू. मुंबई इलाख्यात 1860 च्या दशकात शाळांच्या अनुदानाची सांगड परीक्षेच्या निकालाशी घातली गेली. इन्स्पेक्टर येणार, मुलं तपासणार, पास झालेल्या डोक्यांवर पैसे. 'मला हे येत नाही' असं म्हणणारं मूल शाळेला अक्षरशः महागात पडत होतं. ती पद्धत गेली, साहेब येणार म्हटल्यावर शाळेची होणारी धांदल राहिली.

वेगळी वाट वर्ध्याला दिसली. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला आणि सेवाग्रामात आशादेवी आणि आर्यनायकम यांनी नई तालीमची, म्हणजे हातकामातून शिकवणारी शाळा चालवली. टकळीवर किती सूत निघालं, कसं निघालं, याचा हिशेब हाच तिथे गणिताचा पाठ. सूत तुटलं तर ते मुलाच्या हातातच तुटायचं आणि का तुटलं हे कळायला शेऱ्याची गरज नव्हती. नई तालीमच्या स्वावलंबनावर, उत्पादकतेवर पुष्कळ वाद झाले. चूक आणि तिचं कारण एकाच हातात देण्याची ही युक्ती त्या वादांत मागे पडली. पुढे लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढलं, तेव्हा क्रमांकांची शर्यत बाजूला ठेवून मुलांच्या कामाकडे आणि बोलण्याकडे बारकाईने पाहण्याची शिस्त त्यांनी शिक्षकांना लावली. पण अशा शाळा बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

सरकारी दारातून हा विचार आत आला तो 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याबरोबर, ज्ञानरचनावादाच्या, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं या विचाराच्या नावाने. 2010 च्या 1 एप्रिलला शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम 29 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन होतं, आणि 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने ते महाराष्ट्रात पहिली ते आठवीला आलं. पहिली-दुसरीला आकारिक (शिकता शिकता होणारं) 70 आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारं) 30, सातवी-आठवीला आकारिक 40 आणि संकलित 60. आकारिकसाठी आठ साधनतंत्रं: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, आणि आठवं 'इतर'. या 'इतर'च्या पोटात प्रश्नावली, सहाध्यायी मूल्यमापन, गटकार्य यांच्या गर्दीत एक शब्द होता, स्वयंमूल्यमापन. म्हणजे ते आलं होतं, पण शेवटच्या डब्यात उभं राहून.

नोंदवहीत 'विशेष प्रगती', 'आवड, छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' असे रकाने होते. पन्नास मुलं, आठ विषय, दोन सत्रं. शिक्षकांनी काय केलं असेल? वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात आल्या, मग पीडीएफ फिरू लागल्या. 'अक्षर वळणदार काढतो', 'वाचनाचा सराव आवश्यक', 'गणितातील क्रिया अचूक करतो'. गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत मुलं एकाच भाषेत प्रगती करू लागली. याबद्दल शिक्षकांना झोडपणं सोपं आहे, पण मला ते अन्यायाचं वाटतं. मुलाशी बोलायला वेळ ठेवला नव्हता, लिहायला मात्र रकाना ठेवला होता.

शिक्षक घडवताना हेच झालं. प्रत्यक्ष काम करताना आणि केल्यानंतर स्वतःच्या कामाकडे पाहणारा व्यावसायिक, ही कल्पना डोनाल्ड शॉन यांनी 1983 मध्ये मांडली होती. ती जगभरच्या शिक्षक-प्रशिक्षणात शिरली. आपल्याकडे 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात 'स्वतःला समजून घेणे' असा एक घटक आला आणि चिंतनात्मक दैनंदिनी लिहिणं आलं. तिला गुण आले. गुण आल्यावर आदल्या वर्षीच्या दैनंदिन्या कामाला आल्या. 'आजचा पाठ घेताना मला जाणवले की विद्यार्थीकेंद्रित पद्धती अधिक परिणामकारक ठरते' असं वाक्य लिहिणाऱ्याला त्या दिवशी काय जाणवलं होतं, ते त्यालाच ठाऊक. हाच शिक्षक उद्या वर्गात मुलांना मागे वळून पाहायला शिकवणार आहे.

दरम्यान वारं फिरलं. शिक्षण हक्क कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षा घेण्याची आणि नापास करण्याची मुभा मिळाली आणि 2023 मध्ये महाराष्ट्राने ती वापरली. त्याच्या थोडं आधी, 2020 च्या धोरणात प्रगतिपत्रक बदलायचं ठरलं होतं: शिक्षकाच्या जोडीला मुलाचं स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापनही त्यात असेल. 2023 च्या सुरुवातीला मूल्यमापनाचं काम पाहणारी 'परख' ही संस्था एनसीईआरटीमध्ये उभी राहिली आणि तिने या पत्रकांचे नमुने तयार केले. 2010 मध्ये 'इतर'च्या डब्यात उभा असलेला शब्द आता पहिल्या वर्गाच्या डब्यात बसला आहे. ज्या मुलाला पाचवीत नापास होण्याची भीती पुन्हा दाखवली जाते, त्याच मुलाला त्याच वर्षी 'तुला काय जमत नाही ते प्रामाणिकपणे लिही' असंही सांगितलं जाणार आहे.

मघाच्या त्या बाई चौथीला शिकवतात, एका जिल्हा परिषद शाळेत. शुक्रवारी शेवटच्या तासाला त्या आधी स्वतःच फळ्यावर लिहितात: 'या आठवड्यात माझं काय फसलं.' एकदा त्यांनी लिहिलं, 'अपूर्णांक मी फार घाईत शिकवले.' मुलं चाट पडली. मग एक मुलगा म्हणाला, 'बाई, मला भाकरीच्या तुकड्यांपर्यंत कळलं होतं, मग तुम्ही रेघ मारून वरखाली आकडे लिहिले आणि गेलं.' बाईंनी सोमवारी पुन्हा भाकरीपासून सुरुवात केली. त्या तासाची नोंद कुठल्याही रकान्यात नाही. शुक्रवारच्या कागदांवर त्या सही करत नाहीत, आणि ते फाइललाही लावत नाहीत.