इंग्रजीतील दर्शक शब्द

एखादी वस्तू, व्यक्ती, वेळ किंवा बोलण्यातला मुद्दा दाखवून देण्यासाठी इंग्रजीत दिस, दॅट, दीज आणि दोज हे चार शब्द वापरतात. दिस व त्याचे अनेकवचन दीज जवळच्यासाठी, तर दॅट व त्याचे अनेकवचन दोज लांबच्यासाठी येते. नामापूर्वी आले की ते विशेषणाचे काम करतात, एकटे आले की सर्वनामाचे. मराठीतल्या हा, ही, हे यांच्यासारखा लिंगभेद त्यांत नाही.

जवळ आणि लांब हे बोलणाऱ्याच्या जागेवरून ठरते. नागपुरात झिरो माइलच्या स्तंभाला हात लावून उभा असलेला माणूस 'दिस पिलर' म्हणेल. तोच माणूस रस्ता ओलांडून पलीकडे गेला, की त्याच स्तंभाला 'दॅट पिलर' आणि तिथल्या चार घोड्यांना 'दोज हॉर्सेस' म्हणेल. हे अंतर काळाचेही असते, म्हणून आजची सकाळ 'दिस मॉर्निंग' आणि सरलेले दिवस 'दोज डेज' होतात. ते मनाचेही असते: नावडता माणूस शेजारी बसलेला असला तरी त्याचा उल्लेख 'दॅट मॅन' असा होऊ शकतो. सांगून झालेल्या गोष्टीकडे दिस आणि दॅट या दोहोंनी निर्देश करता येतो, पण पुढे सांगायच्या गोष्टीची सूचना सहसा दिसच देतो.

मराठी भाषकाने विशेष जपावे असे स्थळ आदराचे आहे. 'हे माझे वडील', 'ह्या आमच्या बाई' असे आपण आदरार्थी बहुवचनात म्हणतो. इंग्रजीत मात्र एका व्यक्तीची ओळख करून देताना 'दिस इज माय फादर' असेच म्हणावे लागते, कारण तिथे दर्शक शब्दाच्या वचनातून आदर व्यक्त होत नाही. ओळख झाल्यावर पुढच्या वाक्यांत त्या व्यक्तीसाठी इंग्रजीतले 'ही' (तो) किंवा 'शी' (ती) येते. मराठीत 'तो' हा एकच शब्द दर्शक आणि पुरुषवाचक अशी दोन्ही कामे करतो, त्यामुळे हा भेद मुद्दाम शिकवणे आवश्यक ठरते. उच्चारातही दिस आणि दीज यांत केवळ स्वराचा नव्हे, तर शेवटच्या व्यंजनाचाही फरक आहे.

वाक्ये जोडणारा दॅट वेगळा ओळखावा. त्याचा उच्चार सहसा आघातहीन, 'दट'च्या जवळ जाणारा होतो. दर्शक दॅट हे मुळात जुन्या इंग्रजीतील नपुंसकलिंगी रूप असून द हे उपपदही त्याच दर्शक कुळातले आहे. याशिवाय नजरेच्या टप्प्यातल्या दूरच्या वस्तूसाठी यॉन हा तिसरा दर्शक शब्द होता. तो प्रमाण इंग्रजीतून मागे पडला असला, तरी स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या बोलींत टिकून आहे.